डाहोमीची पलटण, गुढियारी

९ फेब्रुवारी, रविवार

आज दीक्षा आपणहून उठली. सकाळी न्हाणीतून बादलीचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं आबा असतील. पाहते तर आबा, माझे सासरे, बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिले.

ही वही खरं तर दीक्षाची. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, मनात येईल ते लिहीत जा. तिनं वहीला हातही लावला नाही. कोरी वही घरात पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

नोव्हेंबरात तिला हॉस्टेलमधून घरी आणलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. एकोणीस वर्षांची मुलगी. तिकडच्या कॉलेजात काय झालं ते मी खोदून विचारलेलं नाही. जखमेवर बोट कशाला ठेवा? मेसमधल्या ताटावरून सुरू झालं, आमची जात निघाली, एवढं माहीत आहे. तिनं तक्रार दिली. चौकशी बसली. ‘असा कोणताही प्रकार घडल्याचे आढळले नाही’ असं तिच्यात निघालं. मग कॉलेज सोडल्याचा दाखला मिळेना. तक्रार उभी आहे तोवर दाखला देता येत नाही, असं तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं. मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. तक्रार गैरसमजातून केली होती, ती मागे घेत आहोत, तब्येतीमुळे शिक्षण थांबवत आहोत. दीक्षानं सही केली. पंधरा मिनिटांत दाखला हातात. संघर्ष, माझा नवरा, तेव्हा मालगाडी घेऊन झारसुगुड्याकडे गेला होता. फोनवर म्हणाला, “बरं केलं तू. पोट्टी घरी आली, बस.” मलाही तसंच वाटलं.

तर आज ती उठली, केस धुतले, आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघरात येऊन उभ्यानंच पोळी खाऊ लागली.

“आई, मोबाइलवर एक पिक्चर पाह्यला मी. आफ्रिकेतल्या बायांचा. पूरी पलटणच बायांची! राजाच्या समोर मान वर करून उभ्या राहतात. काय मारतात माहीत आहे का? तू पाह्य.”

तीन महिन्यांत तिनं एवढी वाक्यं एका दमात बोललेली मी ऐकली नव्हती.

११ फेब्रुवारी

पिक्चर पाहिला. हिंदीत डब केलेला. डाहोमी नावाचं राज्य, तिथल्या बायकांची फौज. तेल लावलेले काळे दंड, कमरेला सुरे. शेवटी त्या बेड्या घातलेल्या माणसांची रांग अडवतात आणि गोऱ्या व्यापाऱ्याला पळवून लावतात. मला रडू आलं. मी इतिहास शिकवते, अकरा वर्षं अतिथी व्याख्याता आहे, आणि या बायकांबद्दल मला एक ओळ माहीत नव्हती.

दीक्षानं केस कापले. मानेपर्यंत. आबा म्हणाले, “अरे वा, आमची पोट्टी तर मिलिटरीत भरती झाली!”

१६ फेब्रुवारी, रविवार

दयाराम आले होते. संघर्षचे मित्र, उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन, आणि आमच्या जयंती समितीचे सचिव. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, “वहिनी, यंदा चौदा एप्रिलले डीजे कमी, नाटक जास्त. दीक्षा म्हणते, गुढियारीच्या बस्तीतल्या पोट्ट्यायची पलटण उभी करतो. तुम्ही लिहून द्या. अर्ध्या तासाचं. जास्त लांबवू नका, लोकं मंग भोजनदानाकडे पाहून राहतात.”

दीक्षा सेनापती. दाराआडून ऐकत होती ती.

मी लगेच कामाला लागले. हैदराबादच्या मैत्रिणीनं तीन लेख पाठवले होते, ते छापून आणलेले. दुपारभर वाचले. वाचून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख घालायची ही माझी सवय. आमचे सर सांगत, इतिहासवाल्यानं आपल्याला कधी कळलं तेही लिहून ठेवावं. तशी तारीख घातली आणि कागद पालथे ठेवून दिले.

सिनेमात आहे तसं नव्हतं. पलटण खरी होती, शौर्य खरं होतं. पण डाहोमीचं राज्य माणसं विकून चालायचं. दरवर्षी शेजाऱ्यांवर स्वारी व्हायची, गावं पहाटे वेढायची, आणि जिवंत पकडलेली माणसं बंदरावर गोऱ्यांना विकायची. त्या स्वाऱ्यांत या बायका असायच्या. पुढे इंग्रजांनी दबाव आणल्यावर राजानं ताडाच्या तेलाचा धंदा वाढवला, तरी मळ्यांवर राबायला गुलामच. आणि पलटणीतल्या कितीतरी बायका स्वतःच लहानपणी पकडून आणलेल्या. पकडून आणलेल्या मुली मोठ्या होऊन दुसऱ्या मुलींना पकडायला जायच्या.

हे नाटकात कसं लिहू?

२० फेब्रुवारी

आज जेवताना दीक्षानं विचारलं. माझ्याकडे नीट बघत, घास हातात तसाच ठेवून.

“आई, तू तर वाचून राहिली. हे खरंच झालं होतं ना? त्यांनी खरंच सोडवलं होतं ना लोकांना?”

तिनं दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, तिसरी घेतली होती. उद्यापासून तालीम.

मी म्हणाले, “हो.”

२३ फेब्रुवारी, रविवार

बुद्धविहाराच्या अंगणात तालीम. चौदा मुली. बांबूचे भाले. विहारात काहीही सुरू करायचं तर आधी त्रिशरण, पंचशील, तशी आमची पद्धत. आबा सांगतात, आम्ही मागून म्हणतो. चौथं शील आलं, ‘मुसावादा वेरमणी’, मी खोटं बोलणार नाही. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. कुणाच्या लक्षात आलं नसेल. चौदा मुलींचा आवाज केवढा होता!

दीक्षा कंबरेवर हात ठेवून ओरडत होती. “रीना, भाला असा नाही धरत. झाडू मारून राहिली का तू?” रीना तिच्या बरोबरीची, पंडरीच्या कापडबाजारात साडीच्या दुकानात काम करते. ती म्हणाली, “सेनापतीजी, मी दिवसभर साड्याच झटकतो, मले तेच येते.” सगळ्या हसल्या. दीक्षाही हसली.

तिच्या हसण्यासाठी मी एक शब्द बोलले. एकच.

२ मार्च, रविवार

पोशाखांचं कापड आणायला दोघी पंडरीला गेलो. दीक्षानं दुकानदाराला विचारलं, “भैया, अफ्रीका टाइप का कुछ दिखाओ ना.” तो गंभीरपणे म्हणाला, “दीदी, अफ्रीका का तो नहीं, सूरत का है. पहनने के बाद जो बोलोगे वो बन जाएगा.” आम्ही हसून हसून बेजार. लाल-पिवळं, मोठ्या नक्षीचं घेतलं. येताना उसाचा रस प्यायलो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, भर बाजारात.

आजचा दिवस लिहून ठेवते. बाकी काही नाही.

९ मार्च

नाटक लिहून दिलं. पिक्चरमध्ये आहे तसंच. बेड्या तोडण्याचा प्रसंग शेवटी.

मन राहवेना म्हणून आबांना सगळं सांगितलं. आबा रेल्वेत गँगमन होते, अठ्ठ्याहत्तरचे आहेत. कान देऊन ऐकलं. म्हणाले, “पकडणारा कोणत्या रंगाचा होता, हे पकडल्या गेलेल्याले विचारून काय फायदा? त्याचे तर हात बांधलेलेच.”

“पण दीक्षाला सांगू का?”

“तू सांगशील तर पोट्टी आज रडेल. नाही सांगशील तर कोणत्या दिवशी रडेल, ते तुले माहीत नाही. एवढाच फरक आहे, पूर्णिमा.”

मी ठरवलं, जयंती होऊ दे. मग निवांत बसून सांगेन. तोवर ती पक्की होईल.

१७ मार्च

होळीनंतर आज पहिली तालीम होती, दीक्षा गेली नाही.

रीनानं तालमीचा व्हिडिओ टाकला होता. दीक्षा भाला उंचावून उभी आहे असा. खाली तिकडच्या कॉलेजातल्या कुणीतरी लिहिलं आहे: ‘ये वही हैं न जो अपने ही लोगों को बेचती थीं? तेरे लिए एकदम सही रोल है.’ पुढे हसणारे चेहरे. त्याखाली आणखी सहा जणांचे हसणारे चेहरे.

मी म्हटलं, “अशा लोकांकडे लक्ष नाही द्यायचं.”

ती म्हणाली, “हं.”

१८ मार्च

कॉलेजातून चारला आले. दीक्षा माझ्या टेबलाशी बसलेली. समोर ते तीन लेख. उलटे, शेवटचं पान वर.

“ही तारीख तुझ्याच हातची ना?”

“हो.”

“सोळा फेब्रुवारी. मी तुले विचारलं तेव्हा वीस होती.” तिचा आवाज अगदी साधा होता, जणू गाडीची वेळ विचारते आहे. “म्हणजे तुले माहीत होतं.”

“बेटा, तू त्या दिवशी...”

“मी त्या दिवशी काय?”

“तिसरी पोळी घेतली होतीस.”

तिनं लेख माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, “त्या बाया काय होत्या त्याचं मले काही नाही, आई. समजते मले. लहानपणी उचलून आणलं, हातात भाला दिला. नाही घेतला तर विकून टाकतील. मी बी घेतला असता. ते नाही विचारून राहिली मी. तू ‘हो’ काहून म्हटलं?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“तिथल्या मॅडम पण हेच म्हणत होत्या. बेटा, तुम्हारे भले के लिए.”

ती उठून खोलीत गेली. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला त्या बाईंच्या रांगेत बसवलं तिनं. फार लागलं मनाला. त्या बाईंना कॉलेजची अब्रू राखायची होती. मला काय राखायचं होतं? मी आई आहे. हा फरक तिला आज ना उद्या कळेल.

२३ मार्च

पाच दिवस ती खाते तेवढंच खाते. एक पोळी, कधी अर्धी. ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथं’.

चूक दुरुस्त करायची तर ज्या जागी झाली तिथंच करावी. मी नाटकात एक नवा प्रवेश लिहिला. रात्रीच्या मुक्कामात एक म्हातारी सैनिक पहाऱ्यावर आहे. पकडून आणलेल्यांत एक मुलगी आहे. ती मुलगी एक शब्द पुटपुटते, आणि म्हातारीला कळतं की ही आपल्याच गावची बोली. आपल्यालाही याच वाटेनं आणलं होतं. म्हातारी तिला पाणी पाजते. सोडत नाही. सकाळी तीच तिला बंदराकडे घेऊन जाते.

मला वाटतं, मी आजवर लिहिलेल्यात हे सगळ्यात खरं आहे.

दीक्षाला वाचायला दिलं. तिनं सावकाश वाचलं, कागदाची घडी नीट घालून परत दिली. “छान लिहिलं.” मग म्हणाली, “कोणासाठी लिहिलं?”

“तुझ्यासाठीच ना.”

“हं.”

३० मार्च, रविवार

समितीची बैठक विहारात झाली. मी प्रवेश वाचून दाखवला. मग दयाराम बोलले, आणि ते नेहमीसारखे ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त कठीण गेलं.

“वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, खोटं नाही लिहिणार. पण पाहा. बाहेरचे लोक आपल्याबद्दल काय कमी बोलतात? आता आपणच स्टेजवर दाखवू, का काळे लोक काळ्यांना विकत होते. उद्या तेच लोक म्हणतील, पाहा, हे तर सगळीकडेच चालत होतं, मंग आम्हालाच काहून बोलता? माझी बारा वर्षांची पोट्टी आहे त्या पलटणीत. घरी आरशासमोर भाला धरून उभी राहते. तिले काय सांगू?”

मी स्वतः फेब्रुवारीत हेच तर केलं होतं, फक्त समिती न बोलावता.

तेवढ्यात मागून दीक्षा म्हणाली, “ती पकडलेली पोट्टी मी करते.”

सगळे वळले. ती बैठकीला आली आहे हेच मला माहीत नव्हतं.

“तू तर सेनापती आहे बेटा,” दयाराम म्हणाले.

“सेनापती रीना करेल. तिले सगळे डायलॉग पाठ आहेत. मले हाच पार्ट पाहिजे.”

हात वर करून मतं घेतली. प्रवेशाच्या बाजूनं तीन हात. माझा, आबांचा आणि दीक्षाचा. तिनं हात सगळ्यात आधी खाली घेतला.

घरी येताना मी म्हटलं, “मी पुन्हा बोलून बघते.” ती म्हणाली, “राहू दे. चौकशी झाली ना.”

१५ एप्रिल

काल जयंती झाली. नाटक झालं. सूरतचं कापड दिव्यांत फार सुरेख दिसलं. रीनानं भाला वर केला तेव्हा शिट्ट्या, टाळ्या, ‘जयभीम’चा गजर. दयारामांची मुलगी सगळ्यात पुढे, छाती काढून. ती बेड्या तोडत होती तेव्हा माझ्या शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, “मॅडम, काय लिहिलं हो! अंगावर काटा आला.” मी म्हणाले, “धन्यवाद.”

नाटकाच्या आधी पंचशील झालं. पाच हजार माणसांनी एका आवाजात चौथं शील म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्यानं म्हटलं.

दीक्षा आली नव्हती. डोकं दुखतं म्हणाली. मी परतले तेव्हा ती जागी होती.

“कसं झालं?”

“चांगलं झालं. लोकांना खूप आवडलं.”

ती माझ्याकडे पाहून मान हलवत राहिली. नम्रपणे. मी खरं सांगत होते, अगदी खरं. आणि मला दिसत होतं की तिनं ते बाजूला ठेवून दिलं आहे, जसं आपण माहीत असलेल्या लबाड माणसाचं बोलणं ठेवतो. अशीच मान तिनं नोव्हेंबरात हलवली होती. त्या बाईंच्या समोर. मी अर्ज लिहीत होते आणि ती शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

२६ एप्रिल

ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

अर्जातली वाक्यं माझी होती. ‘गैरसमजातून’ हा शब्द मीच शोधला. बाई तर फक्त म्हणाल्या होत्या, काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं होतं, दीक्षा, इथे सही कर. खाली मी तारीखही घातली.

डाहोमीच्या राजाला दोनशे वर्षांनी जाब विचारायला बसले होते मी. आणि माझ्या मुलीवर जे झालं ते झालंच नाही, याचा एकुलता एक लेखी पुरावा माझ्या हातचा.

आज तिकडच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. दोन पानं. तो अर्ज मी दाखल्यासाठी लिहिला होता, त्यातला मजकूर खोटा आहे, तक्रार खरी होती, ती पुन्हा उघडावी. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. पावती आणि पत्राची प्रत या वहीत ठेवली आहे.

दीक्षाला अजून सांगितलं नाही. चांगलं उत्तर आलं की सांगेन. पाच महिन्यांनी पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा कमी झालं.

६ मे

दीक्षा कालपासून पंडरीला जाऊ लागली. रीनाच्या दुकानात, साडीच्या काउंटरवर. मला सकाळी चप्पल घालताना सांगितलं. मी म्हटलं, “खाजगीतून बी.ए.चा फॉर्म भरू या, मी शिकवीन ना.” ती म्हणाली, “इतिहास?” आणि निघून गेली. टोमणा होता की नुसता प्रश्न, कळलं नाही.

संघर्ष म्हणतो, “बाहेर तर पडली घरातून. रडून राहिली काहून तू?”

२० मे

उत्तर आलं. सात ओळी. पालकांच्या स्वहस्ताक्षरातील अर्जानुसार प्रकरण निकाली काढले आहे. विद्यार्थिनीचे नाव आता पटावर नाही. सबब कार्यवाही करता येत नाही. मूळ अर्जाची प्रत माहितीसाठी सोबत जोडली आहे.

माझंच अक्षर मला पाठवलं त्यांनी. किती सुबक आलं आहे. एकही खाडाखोड नाही.

दीक्षा आठला आली. उभं राहून पायांना सूज आलेली. मी मिठाच्या पाण्याची परात ठेवली आणि दोन्ही पत्रं तिच्या पुढ्यात ठेवली. माझं आणि त्यांचं. तिनं वाचलं.

“तू पाठवण्याआधी मले विचारलं होतं का?”

“नाही.”

“तेव्हा पण नाही विचारलं.” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला धरायला काही तरी सापडलं असतं. “आता तिथं सगळ्यांना माहीत पडलं, का हे लोक पुन्हा आले होते, अन् पुन्हा नाही म्हटलं यांना. एकदा बस होतं, आई.”

“मला वाटलं...”

“माहीत आहे. मले बरं वाटावं म्हणून.”

मग तिनं परातीतून पाय काढले, पुसले, परात उचलून स्वतः मोरीत ओतली आणि म्हणाली, “जेवण झालं का तुझं?”

तशी ती चांगली वागते माझ्याशी. आबांपेक्षा जास्त माझी विचारपूस करते. पाहुण्यांशी वागावं तशी.

१ जून, रविवार

तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं असेल. आमची सगळी आळी दुपारी बंद दारांमागे. दीक्षाला सुट्टी होती, रीना आली होती. दोघी आतल्या खोलीत कूलरसमोर पडलेल्या. मी स्वयंपाकघरात कैऱ्या उकडून पन्ह्यासाठी गर काढत होते. मधली भिंत एका विटेची आहे, पण कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही.

दोनला वीज गेली. कूलर थांबला. आणि दीक्षाचा आवाज आला, मधूनच, सुरू असलेल्या वाक्यातून.

“...तर ती पोट्टी खाली बसली ताट घेऊन. मंग त्या तिघी आल्या.”

आधी मला वाटलं, पिक्चरची गोष्ट सांगते आहे. मग कळलं.

तिनं सगळं सांगितलं. ‘मी’ एकदाही म्हणाली नाही. ‘ती पोट्टी’, ‘त्या पोट्टीची बादली’, ‘त्या पोट्टीले बाथरूममध्ये’. वीस मिनिटं, किंवा जास्त. माझे हात गरानं भरलेले, मी तशीच उभी. आत जावं, की दार वाजवावं, की मागच्या दारानं निघून जावं, काही सुचलं नाही. ताटावरून सुरू झालं होतं, बरोबर. पण माझ्या कल्पनेत ते ताटाच्या आसपासच कुठेतरी संपलं होतं. तिथं मी ते संपवलं होतं, कारण पुढचं विचारलं नव्हतं.

रीना रडत होती. म्हणाली, “मंग? त्या पोट्टीनं काय केलं?”

“तिनं लिहून दिलं, असं काही झालंच नाही म्हणून.”

“अन् तिच्या घरचे? घरच्यांनी काही नाही केलं?”

बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, डबे एकमेकांवर आदळत गेले.

“घरचे चांगले होते,” दीक्षा म्हणाली.

वीज आली. कूलर सुरू झाला.

मी हात धुतले. पन्हं केलं, तीन पेल्यांत ओतलं, आत नेलं. दोघी उठून बसल्या. रीनानं तोंड ओढणीनं पुसलं. मी विचारलं, “काय चाललंय?”

“काही नाही,” दीक्षा म्हणाली, “दुकानातल्या गोष्टी.” पेला घेतला, एक घोट प्यायली. “मस्त झालं आई.”

मी तिसरा पेला हातात धरून क्षणभर थांबले. तिनं सरकून जागा केली नाही. मी स्वयंपाकघरात आले.

मी जे ऐकलं ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं आहे. तारखेसकट लिहून ठेवू शकते. डॉक्टरीणबाईंनी वही दिली ती बहुधा याचसाठी. पण ते इथे लिहिणार नाही. ते तिनं मला सांगितलेलं नाही.